स्पंज तुडवणाऱ्या

सासरी स्पंजाचा धंदा आहे, एवढंच धाकट्या सुनेला ठाऊक होतं. माहेर समुद्रापासून दूर. स्पंज म्हणजे दुकानातला, पिवळा आणि मऊ. लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाई तिला किनाऱ्यावरच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. त्यांनी ओलं गोणपाट उचललं आणि वासाचा असा भपका आला की सुनेचे डोळेच पाणावले.

खाली काळ्या, बुळबुळीत गोळ्यांचा ढीग होता.

"काय मेलंय इथं?"

"स्पंजच की. प्राणी असतो तो. कुजवल्याशिवाय साफ होत नाही. चपला काढ आणि चढ वर."

पायाखाली एक गोळा पचकन दबला. बोटांच्या बेचक्यांतून राखाडी, चिकट घाण वर आली. सुनेनं झटकन पाय वर उचलला.

"याचं तोंड कुठंय?"

"तोंड नाही, पोट नाही, काळीज नाही. अंगभर बारीक भोकं. त्यांतून पाणी ओढायचं, खायचं तेवढं गाळून घ्यायचं, उरलेलं या मोठ्या भोकातून बाहेर सोडायचं. आपण तुडवून मांस काढतो. मागं उरतो तो सांगाडा. लोक त्यानं अंग घासतात."

सासूबाईंनी एक गोळा चिरून दाखवला. आत बोगदेच बोगदे, आणि त्यांत वळवळणारे किडे. एक फिकट, मेलेली कोळंबी बाहेर पडली.

"हे भाडेकरू," सासूबाई म्हणाल्या.

सून धावत बाहेर गेली आणि भडाभडा ओकली. परत आली ती दारातच थांबली.

"मला नाही जमायचं. बोलायचं ते बोला."

सासूबाई आपल्या पायांवर पाणी ओतत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला तरी कुठं जमलं? या घरात आल्यापासून हात तोंडाशी नेला की वास येतो, घास घशाखाली उतरत नाही."

"मग बोलला नाहीत?"

"विचारलं कुणी?"

दुपारी सासरे आणि नवरा, दोघे बाप-लेक, समुद्रातून नवा माल घेऊन आले. ढीग ओतून नेहमीसारखे निघाले, तशा सासूबाई दारात आडव्या झाल्या.

"आजपासून तुडवायचं तुम्ही. सुकवणं-कातरणं आम्ही बघू."

सासरे हसले. बायको हसेना, म्हणून त्यांनी निमूट विजार वर खोचली आणि कुजलेल्या ढिगावर पाय ठेवला. पचकन आवाज झाला. एरंडेल प्यायल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

"शी! हे असलं असतं?"

"याहून वाईट असतं," सासूबाई म्हणाल्या. "अजून किडे कुठं बघितलेत?"

लेकानं नाक दाबलं. सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलं मात्र, त्यानं मुकाट्यानं चपला काढल्या.