तांबडमाळाची शेवटची बरणी

गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर तांबडा लेप दिसतोय ना, ती मी. माती. दुकानातला गेरू नव्हे हं, एवढं आधीच सांगून ठेवते. त्या पुडीतल्या भुकटीशी माझं नातं लावलेलं मला खपत नाही. मी सुरगाण्याकडच्या तांबडमाळाची. माझ्यात नागली, म्हणजे तुमची नाचणी, पिकायची, आणि सण आला की बायका मलाच नेऊन भिंती रंगवायच्या.

आमचा माळ पुतळाबाईच्या दारातून समोर दिसायचा. माती न्यायला आली की ती आधी खड्ड्यात चिमूटभर नागली ठेवायची आणि म्हणायची, "नेते गं धरतरी, भिंतीपुरतीच." तिचा मुलगा मंगळू हे बघतच वाढला.

पुढे तो अंबडच्या एका कारखान्यात लागला, पत्र्यांना फवाऱ्याने रंग मारायला. नाशिक रोडला बिऱ्हाड केलं. पण रविवार आला की हा बाबा मातीत! गावाहून मला आणायचा, पाण्यात कालवायचा, खडे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळायचा, सुकवायचा, खलात घोटायचा. मग डिंकाचं पाणी घालून चित्रं काढायचा. ओढे, शेतं, झाडं, सगळं आमच्याच बाजूचं. घोटताना माझ्याशी गुणगुणायचा. माणसांशी मात्र तोंडाला कुलूप.

मग कुठल्याशा रस्त्याला मुरूम हवा झाला आणि आमच्यावर यंत्रं चढली. एका उन्हाळ्यात माळाचा खड्डा झाला. मंगळू धावत पोचला तेव्हा कडेला ओंजळभर तांबडी माती उरली होती. त्याने तिथेही नागली ठेवली आणि ढसाढसा रडला. ती ओंजळ म्हणजे मी.

पुतळाबाई उंबऱ्यात बसून होती. म्हणाली, "आता म्हातारपणी काय बघत बसू रं मी? दारातून दिसायचा तसा माळ काढून दे मला."

त्याने बाजारच्या, नळीतल्या रंगांनी काढून नेला. म्हातारीने चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "डोंगर हाय. आपला नाय."

झालं! माळ काढायचा तर माळाच्याच मातीने, आणि माती तर एवढीच. चुकलं तर दुसरी आणायची कुठून? म्हणून तो मला जपायला लागला. बाकी ठिकाणच्या मातीचे डबे कॉटखाली. मला मात्र काचेच्या बरणीत भरून देवघराखालच्या फळीवर ठेवलं, मानाने. उद्या काढू, हात बसला की काढू, असं म्हणत नुसता बघत राहायचा. अरे, काढ की एकदाचा! किती वेळा ओठांवर आलं माझ्या. शेवटी ठरलं. दिवाळीत आई येईल, तिच्यासमोर बसून काढायचा. जाड कागद फळीवर ताणून लावला, डिंक आणून ठेवला. बायकोला, मीनाला, एवढंच म्हणाला, "आईसाठी माळाचं चित्र काढायचंय." बरणीबद्दल अवाक्षर नाही.

मीना गुणाची पोर. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. सासूबाई येणार म्हणून तिने घर आरशासारखं केलं. दिवाळीला कुंड्यांना गेरू लावायची तिच्या माहेरची रीत. देवघराखाली रांगोळी, गुलाल, वाती, आणि त्यांच्याच पंगतीत मी! ती मला दुसरं काय समजणार? डब्यात ओतलं, पाणी घातलं, जुना ब्रश घेतला. मी ओरडत होते हो, पण मातीचं ऐकतो कोण? तुळस झाली, जास्वंद झाली, कोरफड झाली. मग तिने बरणी धुऊन पालथी घातली.

मंगळू कामावरून आला तर ही दारातच हसत उभी. "गॅलरीत बघा तर खरं! आणि तुमच्या कॉटखालच्या डब्यांना हात नाही लावला हं मी."

त्याने कुंड्या बघितल्या. मग पालथी बरणी बघितली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतो. पण तो म्हणाला, "छान झाल्यात." आणि मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई आली. तुळशीला हात जोडले आणि थबकली. बोट ओलं करून कुंडीवर घासलं, नाकाशी नेलं. "मंगळू! ह्यो तर आपला माळ. कुंडीला कुणी लावला?"

मीना करंज्यांचं ताट घेऊन येत होती, ती जागीच खिळली. "अहो, चित्राची माती हीच होती का? मला सांगितलं का नाहीत?"

तो सुरी घेऊन मला खरवडायला बसला. माझ्याखाली मागच्या दिवाळीचा बाजारचा गेरू, त्याच्याखाली सिमेंट. खरवडलं तेवढं सगळं एकमेकांत मिसळूनच निघालं. त्याने धुतलं, गाळलं, घोटलं, कागदाच्या कोपऱ्यात लावलं. फिकट, विटका रंग उतरला.

म्हातारीने वाकून बघितलं. "राहू दे रं. ही कुंडी हाय." जाताना तिने सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि गावी गेली, खड्ड्यासमोर बसायला.

कागद अजून तसाच आहे. मंगळू रविवारी भिंतीकडे तोंड करून पडून असतो. कॉटखालचे डबेसुद्धा त्याने उघडले नाहीत.

आणि मीना? पाणी घातलं की मी ओघळून गॅलरीच्या मोरीकडे जाते, हे तिने बघितलं. तेव्हापासून सुरीतून वाचलेली मी तरी राहावी म्हणून ती कुंड्यांना पाणीच घालत नाही. तांब्या भरून आणते, तुळशीपाशी उभी राहते आणि तसाच परत नेते. जास्वंद वाळली. तुळशीच्या काड्या व्हायला लागल्यात.

मीनाबाई, ऐका माझं. जपून ठेवण्यातच माझा घात झाला, आता आणखी जपू नका. माझ्यातून माळ काही उभा राहायचा नाही. पण जन्मभर नागली पिकवली मी. माझ्यापायी रोप वाळलेलं मला बघवत नाही. तांब्या भरलेलाच आहे ना हातात? ओता.

निघताना बायका 'येते' म्हणतात. मला तसं म्हणता यायचं नाही. मी जाते.