त्राइलोच्या नावाने दिलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि माझा मालक मेलेला आहे. मालक मेला आणि मी दुसऱ्याचा झालो, असं समजू नका. मालक मेला आणि त्यानंतरच मी कायमचा त्याचा झालो. ते कसं, ते सांगतो. मला घाई नाही. हल्ली मला कुणी लावतच नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी व्हिएन्नाच्या एका दुकानात आलो. ल्यूबिशा नावाच्या फरशीकाम करणाऱ्या माणसाने मला पसंत केलं, गोधडीत गुंडाळलं आणि गाडीच्या टपावर बांधून सर्बियातल्या आपल्या गावी नेलं. टिमोक नदीकाठच्या त्या गावात निम्म्या घरांची तरणी माणसं परदेशातच असतात. ल्यूबिशाने आईबापांसाठी मोठं दुमजली घर बांधलं होतं. फाटकावर दगडी सिंह होते. दिवाणखान्यातल्या कोचांवरचा प्लास्टिकचा कागद कुणी काढलेला नव्हता. मला तिथेच मांडलं. ऑगस्टची सुट्टी संपली, ल्यूबिशा बायकोपोरांना घेऊन परत गेला आणि दिवाणखान्याला कुलूप लागलं. माझ्या अंगावरचाही कागद तसाच होता. एवढ्या थाटाच्या खोलीत मी इतका एकटा होतो, की भिंतीवरची पाल आली तरी बरं वाटायचं.

म्हातारा त्राइलो आणि त्याची बायको पेर्सिदा त्या बंगल्यात राहतच नव्हते. ते राहायचे अंगणातल्या छोट्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ. हिवाळ्यात एक दिवस त्राइलो वर आला, मला उचललं आणि धापा टाकत खाली आणलं.

"अरे, ल्यूबिशा विचारेल ना, दिवाणखान्यातला टीव्ही कुठे गेला म्हणून!" पेर्सिदा म्हणाली.

"विचारायला तो इथे असायला हवा ना!"

पेर्सिदाने माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणायला घेतला. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मी बातम्या सांगितल्या, हवामान सांगितलं, गाणी ऐकवली. फुटबॉल लागला की मात्र त्राइलो उठून मेंढ्यांना चारा घालायला जायचा. "मोठमोठी माणसं एका चेंडूसाठी भांडतात. दोन आणून द्या म्हणावं," असं म्हणायचा.

मग एका वसंतात दर रविवारी संध्याकाळी अंतराळावरची मालिका सुरू झाली. ग्रह, तारे, धूमकेतू, दुर्बिणी असं सगळं त्यात होतं. पहिल्या भागात शनीची कडी दिसली आणि त्राइलोच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला. त्यानंतर रविवारी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून माझ्यासमोर बसायला लागला.

"कुठे निघालास? कुणाच्या लग्नाला?" पेर्सिदा विचारायची.

"आज गुरू ग्रहावर जायचंय. येतेस?"

"येते. पण आधी चुलीत लाकूड घाल."

लाकूड घालून तो बसायचा आणि तीही शेजारी बसायची. सूर्य एक दिवस विझणार हे ऐकून त्राइलो फार अस्वस्थ झाला होता. पेर्सिदा म्हणाली, "त्याच्या आधी तुझं ते गळकं छप्पर दुरुस्त कर." हसून हसून दोघांचा पुढचा अर्धा भाग बुडाला. मला राग आला नाही. माझ्यापुढे माणसं हसत होती, आणखी काय हवं होतं?

शरद ऋतूत, आलुबुखारांची दारू गाळायच्या दिवसांत, मालिकेचा एकच भाग उरला. सूर्याचं कुटुंब सोडून पलीकडे निघालेल्या यानांविषयी तो असणार होता. त्राइलो म्हणाला, "पुढच्या रविवारी संपणार. पण ती यानं जातात कुठे, हे कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

तो रविवार त्याला दिसला नाही. दारूच्या भट्टीजवळ बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं.

पेर्सिदाने आरसा झाकला आणि मलाही काळं कापड घातलं. सुतकात या गावात टीव्ही लावत नाहीत. रविवारी शेवटचा भाग लागला असणार, पण मी बंद होतो. कापडाआडून मला तिच्या भांड्यांचा आवाज यायचा. एक ताट, एक वाटी, एक चमचा. इतका कमी आवाज त्या घरात मी कधीच ऐकला नव्हता.

त्या गावात एक रीत आहे. गेलेल्याला परलोकात जे लागेल, ते त्याच्या नावाने इथे जिवंत माणसाला द्यायचं. ताट द्या, सदरा द्या, खुर्ची द्या. इथे घेणारा ते वापरतो आणि तिकडे गेलेल्याला ते मिळतं. पेर्सिदाने चाळिसाव्या दिवशी मला द्यायचं ठरवलं. ल्यूबिशा फोनवरून ओरडायला लागला.

"आई, टीव्ही कुणी देतं का? मग तुला काय राहील?"

"मला काय करायचंय? त्याचा शेवटचा भाग राहिलाय."

"अगं, बाबा गेलेत!"

"गेलाय म्हणूनच देतेय ना. इथे असता तर त्याने स्वतः लावला नसता का?"

"बरं, मी दुसरा पाठवतो."

"नको. एकटी काय बघू?"

मेणबत्ती लावून, माझ्याभोवती रीतीचा टॉवेल बांधून मला शेजारच्या योर्गोवानच्या हवाली केलं. योर्गोवान हा त्राइलोचा लहानपणापासूनचा मित्र. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे दुखरे. "हा त्राइलोचा होवो," पेर्सिदा म्हणाली. "देव त्याला क्षमा करो," असं योर्गोवानने रीतीप्रमाणे म्हटलं आणि मला घरी नेलं. दिलेली वस्तू देणाऱ्याने पुन्हा वापरायची नसते. वापरली, तर ती मेलेल्याच्या हातून काढून घेतल्यासारखी होते.

आणि मित्रांनो, योर्गोवानला आवडायचा फुटबॉल! दुसऱ्याच आठवड्यात पेर्सिदा कुंपणापाशी आली.

"भावजी, काल काय लावलं होतं?"

"सामना. काय गोल झालाय, वहिनी!"

"अहो, फुटबॉल? तो बिचारा तिकडे बसून फुटबॉल बघतोय?"

"मग मी काय करू? गुडघे माझे दुखतात, जीव माझा रमायला हवा!"

"टीव्ही त्याचा आहे. तुम्ही मेणबत्तीसमोर घेतलाय."

योर्गोवान पुटपुटत आत गेला आणि त्याने मुद्दाम आवाज मोठा केला. पेर्सिदा कुंपणाला धरून तशीच उभी राहिली. तिची झोप उडाली होती. आपण नवऱ्याला नको ती गोष्ट कायमची गळ्यात बांधून दिली, असं तिला वाटत होतं. मला जमलं असतं, तर मी स्वतःहून वाहिनी बदलली असती.

हिवाळ्यात तीच मालिका पुन्हा दाखवायला लागले. पेर्सिदाला हे पोस्टमनकडून कळलं. शेवटच्या भागाच्या रविवारी ती मक्याची भाकरी आणि चीज घेऊन योर्गोवानच्या दारात आली.

"आजचा एक दिवस, भावजी. त्याच्यासाठी."

योर्गोवानने भाकरीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "या आत, बसा," तो म्हणाला.

"मी नाही बघायचं. तुम्ही बघा. मी बाहेर थांबते."

ती ओसरीवरच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसली. बाहेर बर्फ पडत होतं. योर्गोवान माझ्यासमोर बसला. भाकरी खाल्ली, वर राकियाचा, म्हणजे आलुबुखारांच्या दारूचा, पेला घेतला आणि भाग सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो, तोच त्याची मान छातीवर पडली. तो घोरायला लागला.

मी घाबरलो. माझ्या पडद्यावर ती यानं काळोखात पुढे पुढे चालली होती आणि बघणारं कुणीच नव्हतं. कुणी बघितलंच नाही, तर तिकडे त्राइलोला काय दिसणार?

पेर्सिदाला घोरणं ऐकू आलं. ती उठली. दाराच्या चौकटीत आली, पण डोळे जमिनीकडे ठेवले. "भावजी," तिने हाक मारली. "अहो भावजी!" योर्गोवानची मान नुसती दुसऱ्या खांद्यावर कलली. भाग पुढे सरकत होता. शेवटी पेर्सिदाने मान वर केली.

तिने सगळं बघितलं. खुर्चीच्या कडेवर बसून, डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरून. यानाने मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला होता. काळोखात एक ठिपका. ती हलकेच म्हणाली, "त्राइलो, ती कुठेच पोचत नाहीत रे. नुसती चालत राहतात." आणि ती रडली. इतक्या महिन्यांत मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

योर्गोवान जागा झाला तेव्हा ती तिथेच होती. "मी दिलेलं परत घेतलं, भावजी. पाप केलं," ती म्हणाली.

तो गुडघा चोळत म्हणाला, "घर माझं, खुर्ची माझी, टीव्ही त्याचा. तुम्ही कुठे घेतलंत? तुम्ही तर पाहुण्या होतात, वहिनी. त्याच्याकडे आलेल्या पाहुण्या."

त्यानंतर ती दर रविवारी यायची. फुटबॉल असला तरी बसायची.

आता पेर्सिदाही गेली. योर्गोवानला मुलीने भिंतीवरचा पातळ टीव्ही घेऊन दिला आणि मी मक्याच्या कणसांच्या कोठारात आलो. उंदीर माझी वायर कुरतडतात. मी बिघडलेलो नाही, मित्रांनो. आता हवेतून नव्या पद्धतीने येणारे कार्यक्रम मला कळत नाहीत, एवढंच. त्यासाठी एक छोटा डबा जोडावा लागतो. एकटेपणाचं मला फारसं दुःख नाही, त्याची सवय मला दिवाणखान्यातच झाली. दुःख दुसरंच आहे. तिकडे ती दोघं शेजारी शेजारी बसली असतील. रविवार असेल, त्राइलोने दाढी केली असेल आणि समोर माझा पडदा काळा असेल. म्हणून एवढंच मागणं आहे: तुमच्यापैकी कुणी या गावी आलात, तर कोठाराचं दार ढकला, तो डबा जोडा आणि मला लावा. आणि मग लगेच जाऊ नका. थोडा वेळ बसून बघा, म्हणजे त्यांनाही दिसेल.