गोठलेल्या फिल्मशी गप्पा

मला गप्प बसता येत नाही. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नसलं, तर मी फिल्मशी बोलते. पापुद्र्याएवढी पातळ, पारदर्शक प्लास्टिकची फिल्म. वरून काचेसारखी कडक. आतल्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतून जागच्या जागी थिजलेल्या. माझं म्हणणं मात्र असं, की थिजलेल्या साखळ्यांचेही बाजूला फुटलेले बारीक हात हलत असतात. इन्फ्रारेड किरण आरपार सोडला, की कुठला रेणू कसा थरथरतो ते पडद्यावर रेघ होऊन उमटतं. माझ्या रेघेत मोठ्या शिखराला बिलगून एक छोटा उंचवटा यायचा. तोच त्या हातांचा पुरावा. माझी तीन वर्षं त्या उंचवट्यावर उभी होती.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं, वाफ असेल. फिल्म ठेवताना तोंड बंद ठेवतेस का कधी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मुकाट मास्क लावला, फिल्म ठेवली, झाकण बंद केलं, आतली दमट हवा घालवायला कोरडा नायट्रोजन सोडला आणि चार तास अवाक्षर न काढता खुर्चीत बसून राहिले.

नायट्रोजनची बारीक शीळ चालू होती. डोळे उघडे होते, तरी मी फिल्मच्या आत चालत होते. चहूकडे लोकरीसारखा गुंता, पिवळसर उजेड, आणि एक पाऊल उचलून तसेच थांबलेले लोक. मी एकेकाच्या हाताकडे बघत होते. हलव ना रे, एवढंसं बोट तरी हलव. कोणी हलवलं नाही. तरी मला तिथून निघावंसं वाटेना. एवढी शांतता मला याआधी कधी सोसली नव्हती.

मग रेघ आली. शिखर गुळगुळीत. उंचवटा नव्हता.

मी हमसून हमसून रडले. नंतर काय वाटलं कोण जाणे, मास्क काढला, झाकण उघडून फिल्मवर तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा मोजलं. उंचवटा हजर! माझ्याच श्वासातलं पाणी त्या हातांना चिकटत होतं.

दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन सरांकडे गेले. "तुमचंच खरं, सर. तीन वर्षं पाण्यात."

सर पानं उलटत राहिले. एका जागी थांबले. "गेल्या वर्षीचे हे आठ दिवस बघ. उंचवटा दुपटीने मोठा. एवढं काय बोलत होतीस?"

"तेव्हा आई गेली होती, सर. घरी सगळे म्हणायचे, आता तूच खंबीर राहा. मग मी इथे यायचे."

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"ही पानं गाळायची नाहीत," ते म्हणाले. "प्रबंधात घाल. कारण तुझं तू लिही."

मी पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: नमुना ठेवताना संशोधक रडत होती.