नखुरड्याची नोंद

रुग्णालयाच्या तळमजल्यावर डॉक्टरांच्या टिपणांतील प्रत्येक निदानाला ठरलेला कोड देण्याचे काम धाकटा भाऊ निष्ठेने करीत असे. त्या सकाळी थोरली बहीण त्याच्या मेजासमोर येऊन उभी राहिली. शिवणयंत्रावर संसार उभा केलेल्या तिच्या उजव्या हाताची तर्जनी नखाच्या कडेने टम्म सुजली होती.

"शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणतात, आजच चिरा द्यायला हवा, नाहीतर हाडाला धोका आहे. आणि मंजुरीच्या खिडकीवरची बाई म्हणते, नोंदीत बुरशी आहे. बुरशीला चिरा मंजूर होत नाही."

"बुरशी कसली, ताई? हे नखुरडं आहे."

"ते आमच्या शेजारणीलाही कळलं, बाबा. तुमच्या यंत्राला तेवढं कळेना."

त्याने नोंद उघडली. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत 'नखाचा संसर्ग' एवढेच लिहिले होते. अपुऱ्या टिपणाला सरसकट बुरशीचा कोड द्यावा, डॉक्टरांना विचारून खोळंबा करू नये, असा विभागाचा शिरस्ता. पुढच्या प्रत्येक भेटीत मागचेच टिपण जसेच्या तसे उतरले. कोडाप्रमाणे मलम बुरशीचे मिळत राहिले, पू मात्र आत साचत गेला.

त्याने कोड बदलायची परवानगी मागितली, तेव्हा विभागप्रमुखांनी मानही वर केली नाही. "निदान बदलायला मूळ डॉक्टरांची सही लागते. ते बैठकीत आहेत. उद्या बघू."

"उद्यापर्यंत थांबशील का, असं त्या पुवाला विचारू?"

उत्तराची वाट न पाहता त्याने बहिणीचे मनगट धरले, जिना चढला आणि बैठकीचे दार ढकलले.

"रुग्णाला इथे का आणलंत?" त्वचेचे डॉक्टर गरजले.

"टिपणात आल्या नाहीत, म्हणून प्रत्यक्ष आणलं."

ताईने ते बोट चहाच्या कपांमध्ये मेजावर ठेवले. "बघा आता. आजवर तुम्ही माझ्या कागदाकडेच बघत होतात."

डॉक्टर वाकले. मग त्यांनी लिहिले: उजवी तर्जनी, नखाच्या कडेला पू. खाली सही केली.

दुपारी चिरा दिला. नख गेले, बोट राहिले.

तो मेजाशी परतला, तेव्हा त्याच डॉक्टरांचे दुसऱ्या रुग्णाबद्दलचे नवे टिपण पडद्यावर होते: 'नखाचा संसर्ग'. त्याने ते 'कोणते बोट? पू आहे का?' असे विचारून परत पाठवले.

"शिरस्ता विसरलात?" प्रमुख म्हणाले.

"नाही. म्हणूनच पाठवलं."

"काम अडेल."

"अडू दे," तो म्हणाला आणि त्याने कळफलकावरून हात काढून घेतले.