यादीतलं नाव

सैनिकांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात दुपारी रेडिओवर बातमी आली. शत्रूदेशात सत्ता पालटली होती आणि नव्या अध्यक्षांनी पहिल्याच भाषणात युद्ध थांबवायची तयारी दाखवली होती. काजं करणाऱ्या मावशी मशीन सोडून धावतच कारखाना सांभाळणाऱ्या मास्तरांकडे आल्या.

"मास्तर, माझा पोरगा आता घरी येईल हो!"

गेल्या वर्षी कापड कापणाऱ्या एका कामगाराला सक्तीच्या सैन्यभरतीतून वगळायची मुभा कारखान्याला मिळाली होती. त्या कामात मावशींच्या मुलाचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी मास्तरांनी नाव लिहिलं ते आपल्या मुलाचं, ज्याला कात्रीही धड धरता येत नव्हती. मावशींचा मुलगा आघाडीवर गेला, आणि मावशींना मात्र त्यांनी सांगितलं, की यादी वरूनच आली.

आता शांततेची बातमी ऐकून त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, की मावशींचा मुलगा परतला तर त्याला तोंड कसं दाखवायचं? त्या विचाराची त्यांनाच शिसारी आली.

"मावशी, यादी वरून आली नव्हती. माझ्या मुलाचं नाव मीच लिहिलं होतं," ते खाली मान घालून म्हणाले.

मावशी आपल्या मशीनकडे परत वळल्या.

"आधी तो सुखरूप येऊ दे," त्या म्हणाल्या. "मग हे त्यालाच सांगा."