तिसऱ्या गिअरचा हिसका

सीट पुढे सरकलेली दिसली आणि सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी कामाला निघाल्या, गाडीत बसल्या, तर गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. आता घरात गाडी चालवणारी माणसं दोनच, एक त्या आणि एक त्यांचा लेक. लेक हा एवढा ताडमाड. तो सीट मागे ढकलेल, पुढे कशाला ओढेल? घरात बुटकं माणूस एकच, सूनबाई. आणि तिनं तर लायसन्स हातात पडल्यापासून "मला बाई भीती वाटते" म्हणत गाडीला हात लावला नव्हता. निदान ती सांगायची तरी तसं.

सिस्टर हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या, पण काम सुटलं नव्हतं. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणा अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची पाठ पुसून द्यायची. सगळी घरं लांब लांब, त्यामुळे गाडी गेली की काम गेलं, सरळ हिशेब. आणि नेमकी ती गाडीच गेले काही महिने वाकड्यात शिरली होती. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना असा हिसका द्यायची की मागच्या सीटवरची औषधांची पेटी खाली. गाडी ऑटोमॅटिक, गिअर तिचे तिनंच टाकायचे. तरी लेकाचं टुमणं एकच.

"आई, तुझा पाय जड झालाय. वय झालं गं. मी चालवतो तेव्हा कुठे काय होतं?"

तो चालवायचा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तेवढ्यात गाडीचं इंजिन गरमसुद्धा व्हायचं नाही, तिसरा गिअर तर लांबच. पण हे त्याला सांगणार कोण? सिस्टर भांडायच्या, ताडताड बोलायच्या, आणि रात्री अंथरुणावर पडल्या की गुपचूप उजवा पाय वाकवून बघायच्या. खरंच जड झालाय का? ही शंका त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती.

मग त्यांचा धाकटा भाऊ आला. घरातला मामा, फ्रीज दुरुस्त करणारा, तोंडानं भलताच फटकळ. एका गॅरेजवाल्याकडून तपासायचं यंत्र मागून आणलं, गाडीला जोडलं, स्क्रीनकडे बघून मान डोलावली. "ताई, तुझ्या पायाला काही झालेलं नाही. गिअर कधी टाकायचा ते ठरवणारा कंट्रोल मॉड्यूल असतो, तो डबा गेलाय. नवा बसवू. घरीच बसवतो, त्यात काय एवढं."

"बसवा," लेक म्हणाला. "पण नवा बसवूनही हिसका आला, तर चावी माझ्याकडे. कबूल?"

"कबूल!" सिस्टर म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. पण शब्द गेला होता.

सूनबाई तेव्हा टेबल पुसत होती. तिचा हात थांबला. "उघडायलाच हवं का ते सगळं?" तिनं विचारलं. "आत भलतंच काही निघालं तर?"

भलतंच म्हणजे काय? सिस्टरनी कान टवकारले. चावी लेकाकडे म्हणजे कुणाकडे? तो तर ऑफिसच्या बसनं जातो. इथे पाणी मुरतंय, त्यांना वाटलं. सीट पुढे सरकते, दुपारी जरा डोळा लागला की गाडीच्या शेडच्या दाराचा आवाज येतो, गाडीचा विषय निघाला की ही तोंडात गुळणी धरून बसते. काय करत असेल ही गाडीत?

रविवारी सकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला सुरुवात झाली. मामानं आधी बॅटरीची काळी वायर सोडली आणि आतलं वीजबीज शांत होईपर्यंत चहा मागितला. बॅटरी निघाली, तिच्याखालचा ट्रे निघाला. उजेड पुरेना, म्हणून सूनबाई टॉर्च धरून उभी राहिली. सिस्टर तिच्या शेजारीच, डोळ्यांत तेल घालून. टॉर्चचा उजेड सारखा भलतीकडे पडत होता. एवढी कशाला बिचकतेस, बाई? काही केलं नसेल तर भ्यायचं कारण काय?

"अरेच्चा," मामा म्हणाला, "ट्रेचा एक बोल्ट कुठाय?"

झालं. सिस्टरचा तोल गेला. "हिला विचार! दुपारी गाडीत जाऊन बसते ती. सीट मला रोज पुढे सापडते. काय काढलंस गं? बोल्ट काढलास की आतली वायर उपटलीस? माझ्या हातून गाडी जावी म्हणूनच ना हे सगळं?"

सूनबाईच्या हातातली टॉर्च खाली आली. चेहरा पांढराफटक. तिनं तोंड उघडलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटलं. लेक म्हणाला, "आई, काहीही काय बोलतेस!" पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता, कारण सीटचं त्यालाही माहीत नव्हतं.

"ताई, गप बस जरा," मामा वैतागला. "बॅटरी बदलणाऱ्यानं खाल्ला असेल बोल्ट. सगळे तेच करतात. उगाच पोरीला कशाला धारेवर धरतेस?"

सिस्टरचं समाधान झालं नाही. बोल्ट बॅटरीवाल्याचा, मान्य. सीटचं काय? तिनं एका शब्दानं नाकारलंसुद्धा नाही.

मामानं गाडीच्या पत्र्याला हात लावला. अंगातली वीज डब्यात गेली तर नवा डबाही जायचा, म्हणे. मग वायरींच्या दोन्ही कनेक्टरांचे खटके वर करून ते सोडवले, जुना डबा काढला, नवा बसवला, ट्रे आणि बॅटरी जागच्या जागी, बोल्ट स्वतःच्या पेटीतला. यंत्र जोडून नव्या डब्यात गाडीची ओळख भरली. इंजिन सुरू झालं, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला. सिस्टरना अगदी गहिवरून आलं.

"आता मी हात धुऊन येतो, मग बाकीचं सांगतो. तोवर थांबा," मामा म्हणाला आणि आत गेला.

थांबतात कसल्या! सिस्टर स्टिअरिंगवर बसल्यासुद्धा. शेजारी लेक, मागे सूनबाई. तिला लेकानंच हाताला धरून बसवलं होतं, भांडण घरात उरायला नको म्हणून. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. पहिला गिअर, दुसरा. सिस्टरनी पाय इतका हळू दाबला, जसं तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचंय. आणि तिसऱ्यावर जाताना गाडीनं हिसका दिला. चांगला सणसणीत.

सिस्टरनी गाडी कडेला घेतली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी कुणाला दिसू दिले नाहीत. इतके दिवस त्या दुसऱ्या कुणाचा तरी हात शोधत होत्या, कारण तो सापडला नाही तर उरत होता तो त्यांचा पाय. त्यांनी चावी काढली.

"घे," त्या लेकाला म्हणाल्या. "तूच खरा."

"देऊ नका, आई."

मागून आवाज आला. सूनबाई रडत होती, पण बोलायची थांबली नाही. "माझ्याही पायाखाली असंच होतं. मी दुपारी गाडी काढायची, शिकायला. कुणाला सांगितलं नाही, हसाल म्हणून. तिसऱ्यावर जाताना रोज हिसका बसायचा. मला वाटलं, मला येतच नाही. मग वाटलं, माझ्यामुळेच बिघडली, डबा उघडला की कळेल. तुम्हाला बोलणी बसत होती आणि मी तोंड शिवून बसले होते. तुम्ही चावी दिलीत तर मीही पुन्हा कधी नाही चालवणार."

सिस्टर मागे वळून बघत राहिल्या. एका घरात राहून दोघी एकच गोष्ट लपवत होत्या, आणि दोघींना ती आपलीच चूक वाटत होती. आणि त्यांनी तर हिला चोर ठरवलं होतं, तेही सगळ्यांसमोर. लाज वाटली. भयंकर लाज वाटली.

"मला माफ कर, बाळा," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यात किडा शिरला होता."

"एक मिनिट, एक मिनिट," लेक म्हणाला. "दोघींना नीट जमत नसेल, एवढंच. सरका, मी दाखवतो."

तो स्टिअरिंगवर बसला. या खेपेला कोपऱ्यावरचं दुकान नव्हतं, मोठा रस्ता होता आणि इंजिन गरम होतं. पहिला, दुसरा. तिसऱ्याला गाडीनं असा हिसका दिला की त्याची हनुवटी छातीला लागली.

"छे!" तो पटकन म्हणाला. "हा नवा डबापण खराब निघाला."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गाडी कडेला घेऊन त्यानं मामाला फोन लावला, उगाच काहीतरी करायचं म्हणून. पलीकडून मामा एवढा ओरडला की मागच्या सीटवरही ऐकू आलं.

"थांबा म्हणालो होतो ना! कोरा डबा आहे तो, त्याला अजून काही येत नाही. थोडे दिवस हळूहळू चालवा, गाडी शिकेल तो, मग हिसके आपोआप जातील. कुणाच्या पायाचा दोष नाही. ताईला आधी सांग!"

लेकानं फोन ठेवला. "आई, मला..."

"नंतर," सिस्टर म्हणाल्या. "उतर आता. मागे बस."

"मी?"

"तूच. आणि तू गं, पुढे ये. हो, स्टिअरिंगवर. मी आहे शेजारी."

सूनबाई डोळे पुसत पुढे आली. गाडी निघाली, पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला पुन्हा हिसका बसला. सूनबाईनं घाबरून बाजूला बघितलं. मागच्या सीटवर लेकानं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं.

"चालू दे," सिस्टर म्हणाल्या. "पुढे सिग्नल आहे."