राजेश्वरीने मला पाडले

मी एक जुने फ्रेंच घड्याळ आहे. भिंतीवर टांगायचे नव्हे, जमिनीवर उभे राहणारे, माणसापेक्षा उंच. फ्रान्समधल्या कारागिरांनी रंगीबेरंगी लाकडांचे पातळ तुकडे बसवून माझ्या अंगावर फुले आणि पाखरे उमटवली. संस्थानच्या काळात एका अंमलदाराने मला बडोद्याला आणले. मित्रांनो, त्याचा पणतू सुभानराव हा माझा आत्ताचा मालक.

सुभानराव शहरातल्या अलकापुरी भागात एका कंपनीत साहेब होता. रोज सकाळी मऊ फडक्याने तो माझे एकेक पाखरू पुसायचा. "काय निगा राखलीय!" असे पाहुणे म्हणाले की मी फुलून जाई. त्याच हातांनी तो बायकोला, राजेश्वरीला, मारायचा. भाजीत मीठ कमी पडले म्हणून. माहेरी फोन केला म्हणून. नुकताच केबल टीव्ही आला होता. मारताना तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

१९९४ च्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांच्या मुलीची, मैत्रेयीची, सायकल मला घासली आणि एका पाखराचा पंख उडाला.

"पणजोबांचं घड्याळ आहे ते!" सुभानराव गरजला. राजेश्वरी मध्ये पडली. त्याने तिचे केस धरून डोके माझ्यावर आपटले. फुलांवर रक्त उडाले. ते पाहून तो अधिकच पेटला. त्याने माझे दार उघडले, पोटातले लोखंडी वजन उपसले आणि मैत्रेयीकडे वळला.

राजेश्वरी उठली. माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरली आणि भिंतीला पाय लावून तिने मला ढकलले.

"पोरीला हात लावायचा नाही!"

मी त्याच्या पाठीवर कोसळले. काच फुटली, माझी कंबर दुभंगली, त्याच्या खांद्याचे हाड मोडले. तो गुरासारखा हंबरत होता. शेजारचे मयंकभाई धावत आले.

"शुं थयुं, बेन? काय झालं?"

"मीच पाडलं घड्याळ. यांना दवाखान्यात न्या. मी चालले." रक्ताळलेल्या पदरानेच ती मुलीला घेऊन छाणीला भावाकडे गेली.

खांदा सांधल्यावर सुभानरावाने मलाही सांधून घेतले. कपडे न्यायला राजेश्वरी आली, तेव्हा तो म्हणाला, "बघ, होतं तसं करून घेतलंय. आता तरी परत ये."

"तुमचं घड्याळ तुम्ही सांभाळा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे. पण घरात कुणी कुणावर हात उगारला, तर मोठ्याने ओरडा, शेजाऱ्यांना बोलवा. वस्तू फुटेल, याची फिकीर करू नका. मी फुटले, याचे मला दुःख नाही.